नेट गेलं की तू काय करशील?

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज : रोजचे उपयोग आणि तोटे’. विषय संयोजकांनी दिलाय आणि चांगला दिलाय. उपयोग सांगणार आहे, तोटेही सांगणार आहे. पण त्याआधी मला एका दिव्याबद्दल बोलायचंय. घरात हा विषय काढायला मला बंदी आहे. त्यामुळे एवढे कान एका जागी सापडल्यावर मी काही सोडणार नाही.

ही भानगड काय असते हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातल्या अर्ध्याअधिकांच्या मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ आहे, आणि थोड्याच वेळात ते तुम्हाला ‘उठा, जरा चाला’ म्हणेल. तेव्हा कृपया त्याचं ऐकू नका. (हशा) वस्तूत सेन्सर, एक चिमुकला प्रोसेसर आणि रेडिओ बसवायचा, की झाली वस्तू बोलकी. याची सुरुवात मोठी गमतीची आहे. १९८२च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या काही जणांनी कोका-कोलाचं यंत्र नेटवर्कला जोडलं. कारण एवढंच, की तिथवर चालत जावं तर यंत्र रिकामं असायचं, नाहीतर बाटल्या कोमट निघायच्या. १९९० साली जॉन रॉम्की यांनी इंटरनेटवरून चालणारा टोस्टर एका प्रदर्शनात मांडला, पण त्यात पाव हातानेच ठेवावा लागे. पुढच्या वर्षी पाव ठेवायला छोटी क्रेनही आली! १९९१मध्येच केंब्रिजच्या संगणकवाल्यांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला, तोही उठून जाण्याचा त्रास वाचावा म्हणून. केविन अ‍ॅश्टन यांनी या सगळ्याला ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ हे नाव दिलं ते १९९९ साली. तोवर आळसाने पाया पक्का घातलेला होता. मी आळसाच्या विरोधात नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

तर दिवा. मुलाने हौसेने स्मार्ट दिवे आणून बसवले. पहिल्याच दिवशी दिवा वायफायला जोडला जाईना. का, तर त्याला २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय हवं आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर बसलेला. ते जमलं तर अ‍ॅप म्हणे, लोकेशनची परवानगी द्या. अरे, तू छताला टांगलेला दिवा, मी कुठे आहे याच्याशी तुला काय करायचंय? मग मुलाने समजावलं, की आसपासची उपकरणं शोधायला अँड्रॉइडच ती परवानगी मागायला लावायचं. बरं, दिली. मग ईमेल. मग पासवर्ड, त्यात एक कॅपिटल अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. दिवा लावण्यासाठी!

खरी गंमत पुढे आहे. हा दिवा भिंतीवरचं बटण बंद केलं की मरतो. बटण कायम चालू ठेवायचं आणि दिवा फोनवरून ‘बंद’ करायचा. बंद असतानाही तो अर्धा वॅट खातो, कारण कान टवकारून बसावं लागतं ना. आता आमच्या सौभाग्यवतींची हयात ‘खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा’ हे ओरडण्यात गेलेली. मुलांना ती सवय लावायला तिला वीस वर्षं लागली, आणि त्याच मुलाने आता बटणावर चिकटपट्टी लावून वर लिहिलं, ‘आई, हात लावू नकोस’. पुढचा आठवडा आमच्या घरात जो अबोला होता, त्याला कुठलंही अ‍ॅप नव्हतं.

एका रात्री नेट गेलं. मला दिवा मंद करायचा होता. मी दिव्याखाली उभा, फोन हातात, आणि फोन म्हणतोय, ‘डिव्हाइस ऑफलाइन आहे’. अरे, तो माझ्या डोक्यावर ढणढणतोय! पण फोनचा निरोप आधी राउटरकडे, तिथून कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरकडे आणि तिथून परत माझ्याच छताकडे येणार. दोन हातांच्या अंतरासाठी एवढा प्रवास, आणि मधला एक दुवा तुटला की सगळं ठप्प. शेवटी सौभाग्यवती उठल्या, चिकटपट्टी टराटरा फाडली, बटण दाबलं, झोपल्या. मी काही बोललो नाही. (हशा)

पुढे त्या कंपनीचं पत्र आलं. नाव घेत नाही, कारण त्यात तिचंच काही विशेष नाही. ‘या मॉडेलची सेवा आम्ही थांबवत आहोत.’ फोन केला तर म्हणाले, नवं मॉडेल घ्या. दिव्यातल्या एलईडीला काही झालेलं नाही, अजून हजारो तास जळेल. मेला तो त्यांचा सर्व्हर, आणि सुतक मला! रेव्हॉल्व्ह नावाचा हब होता, म्हणजे घरातली सगळी स्मार्ट उपकरणं एका जागेवरून चालवणारी डबी, किंमत सुमारे ३०० डॉलर. २०१४ साली स्मार्ट घरगुती उपकरणं बनवणाऱ्या नेस्टने ती कंपनी घेतली आणि मे २०१६मध्ये सेवाच बंद केली. लोकांच्या घरात धडधाकट डब्या नुसत्या पडून राहिल्या.

आता मला राग का येतो ते सांगतो. मी जन्मभर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन केलं. सेन्सर, ट्रान्समीटर, कंट्रोल व्हॉल्व्ह. वस्तू आपसात बोलतात यात आम्हाला काय नवल? पण आमच्याकडे व्हॉल्व्ह मागवताना कागदावर एक रकाना भरावाच लागे : हवा गेली तर हा काय करेल? हे व्हॉल्व्ह दाबाच्या हवेवर चालतात. हवा गेली की आतली स्प्रिंग त्यांना ठरलेल्या जागी नेते. भट्टीच्या इंधनाचा व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा, थंड करणाऱ्या पाण्याचा उघडायला हवा. उलटं करून ठेवलंत तर माणसं जातील. शिवाय महत्त्वाच्या व्हॉल्व्हला हाताने फिरवायचं चाक. कंट्रोल रूम अंधारात गेली तरी माणूस जाऊन फिरवू शकतो. हा रकाना रिकामा ठेवून कागद पुढे सरकवायची कुणाची छाती नव्हती. घरातल्या वस्तू विकणाऱ्यांनी मात्र हा रकानाच खोडून टाकलाय.

पुरावा हवाय? जानेवारी २०१६मध्ये नेस्टच्या थर्मोस्टॅटना, म्हणजे घराचं तापमान सांभाळणाऱ्या यंत्रांना, सॉफ्टवेअरच्या एका चुकीने ग्रासलं, बॅटऱ्या उतरल्या आणि ऐन थंडीत लोकांची घरं गारठली. २० ऑक्टोबर २०२५ला अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा, म्हणजे भाड्याने मिळणारे दूरचे सर्व्हर, कोलमडली, तेव्हा एका कंपनीच्या महागड्या स्मार्ट गाद्या काहींच्या तापत राहिल्या, काहींच्या उचललेल्या स्थितीतच अडकल्या. झोपायला सर्व्हर लागतो! त्यानंतर त्या कंपनीने क्लाउड नसतानाही ब्लूटूथवर गादी चालावी अशी सोय केली. म्हणजे करता येत होतं. आधी केलं नव्हतं, इतकंच.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच. बरं.

उपयोग. झरझर सांगतो. लसींचं शीतकपाट : बहुतेक लसींना २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं. रात्री कपाट बंद पडलं तर पूर्वी सकाळी कळायचं, आता तापमान चढायला लागताच फोन वाजतो. मधुमेह्यांच्या दंडावरचा सेन्सर दर काही मिनिटांनी साखर सांगतो, रात्री साखर घसरली तर झोपेतून उठवतो. याने जीव वाचतात, इथे मी चेष्टा करणार नाही. शेतात मातीचा ओलावा मोजून पाणी सोडणं, पाण्याची गळती लवकर पकडणं, एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसाच्या पडण्याची खबर, सगळं खरं आणि चांगलं. पाहा, यातली बहुतेक यंत्रं फक्त सांगतात. सांगणारी वस्तू ऑफलाइन गेली तर आपण जुन्या जागी येतो. करणारी वस्तू ऑफलाइन गेली की पंचाईत.

तोटे. ऑक्टोबर २०१६, मिराय नावाचा घातक प्रोग्राम. कॅमेरे आणि रेकॉर्डर यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेलेच नव्हते. नाव आणि पासवर्ड यांच्या साठेक ठरावीक जोड्या घेऊन तो दारं ठोठावत फिरला, लाखो उपकरणं ताब्यात आली. त्यांच्याकरवी वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येकांना उघडेनात. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नाही. दुसरं, २०१८ : स्ट्राव्हा या धावण्याच्या अ‍ॅपच्या नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या वाटा उजळल्या आणि लष्करी तळांचे आराखडे जगाला दिसले. २०१७ : अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांना सुरक्षेसाठी नवं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, द्यावं लागलं. हृदयाला अपडेट!

कायदा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून असे सरसकट सोपे पासवर्ड देऊन माल विकता येत नाही, आणि सुरक्षा-अपडेट किमान किती काळ मिळणार हेही जाहीर करावं लागतं. अर्धं काम झालं. उरलेला अर्धा म्हणजे माझा रकाना, तो अजून कुणी मागत नाही. दुकानात तुम्ही विचारा : नेट गेलं की हे काय करेल? कंपनी गेली की काय करेल? विक्रेता तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल, मला सवय आहे. स्मार्ट कुलूप घेणार असाल तर किल्लीचं भोक आहे का ते बघा, आणि ती किल्ली घराच्या आत ठेवू नका.

आपला डेटा कुठे जातो यावर बोलायचं राहिलं, तो तर पत्रिकेवर ठळक अक्षरात आहे. अध्यक्ष उठले. प्रश्नोत्तरांत कुणीतरी तेच विचारा.