कोपऱ्यापासून वाचायचं ड्रॉइंग

यंत्राच्या भागाचं ड्रॉइंग समोर पसरलं की नवशिक्याची नजर थेट मधल्या आकृतीवर जाते. मुरलेला टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा कारागीर, आधी उजवीकडचा खालचा कोपरा बघतो. हा टायटल ब्लॉक. मटेरियल कोणतं, मापं मिलिमीटरमध्ये की इंचांत, रिव्हिजन (ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती) कितवी, हे सगळं इथे. जुन्या रिव्हिजनवर अगदी अचूक केलेला जॉबही (घडवलेला भागही) भंगारात जाऊ शकतो.

त्याच कोपऱ्यात एक लहानसं चिन्ह असतं: टोक छाटलेला शंकू आणि शेजारी एकात एक दोन वर्तुळं. इथे जरा थांबू.

कागद सपाट, वस्तू भरीव. म्हणून तीच वस्तू समोरून, वरून, बाजूने अशी वेगवेगळी काढतात. १८व्या शतकात गास्पार मोंझ या फ्रेंच गणितज्ञाने किल्ल्यांच्या आखणीच्या निमित्ताने या रीतीला शास्त्राची बैठक दिली, आणि लष्कराने ती कित्येक वर्षं गुपित ठेवली. पण कोणता व्ह्यू, म्हणजे कोणत्या बाजूचं चित्र, कुठे मांडायचा, यावर जगाचं एकमत काही झालं नाही. युरोपात आणि भारतात रुळलेल्या फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो आणि डावीकडून दिसणारी बाजू उजवीकडे. अमेरिकेतल्या थर्ड अँगलमध्ये वरचं वर, डावीकडचं डावीकडे. ओळखायचं त्या चिन्हावरून. वर्तुळं शंकूच्या रुंद बाजूला असतील तर फर्स्ट, अरुंद बाजूला असतील तर थर्ड.

गल्लत झाली तर? एका बाजूच्या पट्टीत भोक असलेला ब्रॅकेट घ्या. प्रत्येक माप बरोबर येईल, व्हर्नियरला (बारीक मापं घेणाऱ्या साधनाला) एकही चूक सापडणार नाही, आणि तरी तो जागेवर बसणार नाही. डाव्या हाताचा ब्रॅकेट उजव्या हाताचा झालेला असेल.

रेषांची ओळख त्या मानाने लवकर होते. जाड अखंड रेषा दिसणाऱ्या कडेची, तुटक रेषा आत लपलेल्या कडेची, लांब-आखूड रेघांची सेंटर लाइन. तिरप्या रेघांचं हॅचिंग म्हणजे वस्तू तिथे कापून दाखवली आहे. फक्त दाखवली आहे; करवत घ्यायची नाही.

खरी मेख मापात. भोकावर लिहिलंय २५ एच ७, त्यात फिरणाऱ्या शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, २५ जी ६. पंचवीस हे मूळ माप; माप त्यापासून किती हलू शकतं, हे पुढचं अक्षर आणि आकडा सांगतात. भोकाचं अक्षर कॅपिटल, शाफ्टचं स्मॉल. दोन्हीकडे पंचवीसच, मग शाफ्ट आत जाणार कसा? भोक २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर चालतं. शाफ्ट २४.९८० ते २४.९९३. म्हणजे मोकळीक कमीत कमी ७ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग), जास्तीत जास्त ४१. तेवढ्या फटीत तेलाचा थर बसतो आणि शाफ्ट फिरतो. गंमत अशी, की इथे कुणी शाफ्ट बरोब्बर २५.००० काढला, तर तो चुकला.

आणि एखादं माप दिलेलंच नसेल तर? मोह होतो कागदावर पट्टी लावून मोजायचा. पण प्रिंट काढताना आकृती थोडी लहान-मोठी होते, कागद दमटपणाने ताणतो, आणि कधी माप बदलून आकृती तशीच ठेवलेली असते. अशा वेळी ड्रॉइंग ऑफिसला विचारायचं, आणि उत्तर तोंडी न घेता ड्रॉइंगवर सहीनिशी लिहून घ्यायचं.