पाठमोऱ्या गाड्या

[दृश्य : पहाटेचं मैदान, हवेने थंड होणाऱ्या जुन्या गाड्यांचा मेळावा. गवतावर दव. चौकटीत कुणी नाही, फक्त आवाज.]

ही गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. शिलाई मशीन म्हणावं तर आवाज त्याहून जाड, फटफटी म्हणावी तर त्याहून सलग. फाटकापाशी उभ्या असलेल्या गृहस्थांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "फोक्सवागन बीटल, बाराशे सीसीची," ते म्हणाले, "आणि सायलेन्सर फुटलाय थोडा." आम्ही वळून पाहिलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

इंजिनाभोवती पाणी खेळत असलं की ते उष्णतेबरोबर आवाजही गिळतं. इथे पाणीच नाही. रेडिएटर नाही, होज पाइप नाही, कूलंट नाही. सिलिंडरच्या अंगावर धातूच्या पातळ पात्या, आणि त्यांच्या फटींतून वाहणारी हवा. मोटरसायकलचं इंजिन जवळून पाहिलेल्यांना हे नवं नाही. पण मोटरसायकलला समोरचा वारा फुकट मिळतो. या गाड्यांचं इंजिन पत्र्याआड, बहुतेक वेळा मागच्या टोकाला. तिथे वारा पंखा लावून आणावा लागतो.

[दृश्य : गाड्यांच्या रांगा. मागची झाकणं उघडी.]

त्यामुळे दहा वाजेपर्यंत मैदानावर मजेशीर चित्र तयार होतं. गाड्यांची तोंडं एकीकडे आणि माणसं सगळी दुसरीकडे. चकचकीत बंपर, रंगवलेली चाकं यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही. सगळे वाकून पाठीमागे बघतायत, नाडी परीक्षेला बसल्यासारखे.

त्या गर्दीत आम्हाला एक काकू भेटल्या. फिकट निळी बीटल, 1960 च्या दशकातली. काकू गुडघ्यावर बसून फॅनबेल्ट बसवत होत्या.

[दृश्य : अगदी जवळून. पुली, पाना, काळी पडलेली बोटं.]

बीटलची पुली, म्हणजे पट्टा ज्यावर फिरतो ते चाक, दोन अर्ध्या ताटल्यांची असते. दोन्हींच्या मध्ये पातळ वॉशर. काकूंनी एका खाचेत स्क्रू ड्रायव्हर अडकवून पुली धरली, पान्याने नट सोडवला, मधला एक वॉशर काढला आणि बाहेरच्या बाजूला, नटाखाली सरकवला. "फेकायचा नाही," त्या म्हणाल्या, "पुढचा नवा पट्टा आला की हाच परत आत जातो." मधलं अंतर कमी झालं, पट्टा खाचेत वर सरकला, ताण वाढला. मग अंगठ्याने दाबून बघितलं. साधारण दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. तेवढाच दबला.

"काकू, आणि हा वाटेत तुटला तर?"

"तर लाल दिवा लागतो. आणि लागला की थांबायचं. पुढच्या वळणावर नाही, तिथेच."

हे नीट समजून घ्यायला हवं. इतर गाड्यांत चार्जिंगचा दिवा लागला तर बॅटरीच्या जोरावर माणूस घर गाठतो. बीटलमध्ये बॅटरी भरणाऱ्या जनरेटरच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकालाच थंडाव्याचा पंखा बसवलेला आहे. पट्टा एक, कामं दोन. बॅटरी भरणं थांबलं म्हणजे वारासुद्धा थांबलेला असू शकतो. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नाहीच. जे काही सांगायचं ते त्या एका लाल ठिपक्याने सांगायचं.

काटकसर या गाडीच्या हाडात आहे. 1961 पर्यंतच्या बीटलला पेट्रोलचा काटाही नव्हता. इंजिन आचके द्यायला लागलं की पायाने एक खटका फिरवायचा आणि राखीव पेट्रोलवर पंप गाठायचा. नंतरच्या काही वर्षांत काच धुण्याचं पाणी स्टेपनीतल्या हवेच्या दाबाने उडायचं. याला हुशारी म्हणायचं की कंजूषपणा, यावर मैदानात दोन तट आहेत. आम्ही हुशारीच्या बाजूचे.

जन्मकथा मात्र एवढी गोड नाही. 1938 मध्ये नाझी राजवटीत कारखान्याची पायाभरणी झाली, लाखो जर्मन लोकांनी गाडीसाठी बचतीची तिकिटं चिकटवली, आणि युद्ध संपेपर्यंत त्यांच्यापैकी एकालाही गाडी मिळाली नाही. कारखान्यातून लष्करी वाहनं निघाली. सामान्य माणसाची बीटल आली ती युद्धानंतर, ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली. शेवटची आली मेक्सिकोतल्या पुएब्लामध्ये, 30 जुलै 2003 ला. तिचा क्रमांक होता 2,15,29,464.

[दृश्य : लांबट काळी गाडी. मागे माशासारखा पर.]

दुपारी सगळ्यात मोठी गर्दी झेकोस्लोव्हाकियातल्या टाट्रा 87 पाशी. 1936 ची रचना, हान्स लेडविंका यांच्या देखरेखीखालची. पुढे तीन दिवे, मागे हवेत उभा पर, आणि त्या पराखाली हवेने थंड होणारं आठ सिलिंडरचं इंजिन. बीटलच्या आराखड्यात टाट्राच्या कल्पना घेतल्याचा दावा युद्धाआधीच झाला होता. फोक्सवागनने पैसे देऊन तो मिटवला युद्धानंतर कितीतरी वर्षांनी. दोन्ही गाड्या आज शेजारी उभ्या आहेत. आपणच बघा.

रांगेच्या टोकाला एक सित्रोएन टू-सीव्ही. हिच्यापाशी मात्र लोक पुढून वाकतात, कारण इंजिन पुढे आहे. 1948 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आली तेव्हा 375 सीसी आणि दोन सिलिंडर. हिचा पंखा थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर बसवलेला. मध्ये पट्टाच नाही, मग तुटणार काय? काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हो, पण चढावर उतरून ढकलायची तयारी ठेवावी लागते." बीटलवाले असेच असतात.

आणि मग पोर्शे 911. 1963 मध्ये फ्रँकफर्टला दाखवली तेव्हा नाव 901 होतं. मधलं शून्य आपलं, असं फ्रेंच मोटार कंपनी प्यूजो म्हणाली, आणि शून्याचा एक झाला. मागचं झाकण उघडलं की अकरा पात्यांचा भलामोठा पंखा समोर येतो, जणू इंजिन नाहीच, नुसता पंखा. खरं तर इथे हवेइतकंच काम तेल करतं. बीटलमध्ये अडीच लिटर ऑइल, सुरुवातीच्या 911 मध्ये नऊ. तेही वेगळ्या टाकीत. म्हणूनच एक गृहस्थ चालू इंजिनाच्या मागे डिपस्टिक घेऊन उभे दिसले, आणि आम्हाला वाटलं, विसरले बंद करायला. विसरले नव्हते. या गाडीचं तेल इंजिन गरम आणि चालू असतानाच मोजायचं असतं.

911 ने हवेची साथ 1998 मध्ये सोडली. मैदानात अजून काहींच्या मनात तो राग आहे. पण कारणं साधी होती. धुराचे आणि आवाजाचे नियम कडक होत गेले. धूर कमी करायचा तर इंजिनाचं तापमान एकसारखं हवं, आणि हवा कुणालाच सारखी वाटून मिळत नाही. जुन्या बीटलमध्ये तेल थंड करणारा ऑइल कूलर पंख्याच्या वाटेतच उभा. तिसऱ्या सिलिंडरपर्यंत वारा पोचेस्तोवर गरम झालेला. म्हणून ठिणग्या वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये त्या एकट्या सिलिंडरची ठिणगी किंचित उशिरा पाडत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तो कूलर बाजूला हलवला, तेव्हा कुठे तिसऱ्याचे हाल कमी झाले.

[दृश्य : संध्याकाळ. रिकामं होत जाणारं मैदान.]

पाच वाजता झाकणं बंद होऊ लागली. उशिरा आलेली एक गाडी नुकतीच बंद केलेली होती. तिच्या मागून टिक, टिक असा आवाज येत होता. तापलेला धातू निवताना आकसतो, त्याचा. मायक्रोफोन जवळ नेला तर मालकाने आपणहून बोलणं थांबवलं.

काकूंनी किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. इंजिनाने एकदा, दोनदा नकार दिला, मग धरलं, आणि दिवा विझला. फाटकापाशी रांग होती. तिथे मंद गतीवर दिवा पुन्हा अंधुकसा लुकलुकायला लागला. आम्ही घाबरून काकूंकडे पाहिलं. त्यांनी अॅक्सिलरेटरवर पाय जरासा टेकवला. दिवा गेला. पट्टा शाबूत होता, मंद गतीवर जनरेटर पुरेसा फिरत नव्हता, इतकंच. फाटक मोकळं झालं, आणि निळी गाडी दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ ऐकू येत राहिली.