दुधवालीमागची भिंत

‘दुधवाली’ हे चित्र तसं लहानच. उंची 45.5 सेंटिमीटर, रुंदी 41. डच चित्रकार योहानेस व्हर्मीरनं ते सुमारे 1660 साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये रंगवलं. आज ते अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. डावीकडे खिडकी, मधे दूध ओतणारी मोलकरीण, मागे पांढरी भिंत. तैलरंगात माणूस खोलीत उभा कसा करायचा, हे शिकायला या चित्राची नक्कल करण्यासारखा धडा नाही.

शिकणारा हमखास चेहऱ्यापासून सुरुवात करतो. इथे आधी भिंत रंगवायची.

नीट पाहा. खिडकीलगत भिंत उजळ असेल असं वाटतं, पण तिथेच ती करडी आहे. उजवीकडे जाऊ तशी उजळत जाते. त्यामुळे बाईची उजेडातली बाजू गडद भिंतीवर येते आणि सावलीतली बाजू उजळ भिंतीवर. ती पुढे आल्यासारखी दिसते ती यामुळेच. भिंत सगळीकडे सारखी रंगवली की चेहरा कितीही जमला तरी आकृती भिंतीला चिकटते. 2022 साली संग्रहालयाने जाहीर केलेल्या तपासणीत दिसलं, की तिच्या डोक्यामागे आधी सुरया टांगायची फळी काढलेली होती. व्हर्मीरनं ती बुजवून कोरी भिंत ठेवली. खिळा आणि त्याची इवलीशी सावली मात्र राहू दिली.

तयारी. कॅनव्हास मूळ मापाचाच घ्या. जेसोचे (कॅनव्हासला रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून चित्र मोफत उतरवता येतं. त्याच मापाचा प्रिंट काढून प्रिंटवर आणि कॅनव्हासवर 5 सेंटिमीटरच्या चौकटी आखा. प्रिंटवरच्या रंगावर विसंबू नका, सावल्या त्यात काळवंडतात. मूळ कॅनव्हासवर तिच्या उजव्या हाताच्या जरा वर टाचणीचं छिद्र सापडलंय. तिथे दोरा अडकवून खिडकीच्या तिरप्या रेषा ठरवल्या गेल्या. आपणही दोरा लावून आपल्या रेषा तपासायच्या.

पहिला थर फक्त रॉ अंबर (मातकट तपकिरी रंग) आणि टर्पेंटाइन. उजेड-सावली इथेच ठरते. अंबर लवकर वाळतो, म्हणून खाली चालतो; आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो, तो खाली जाड लावला तर वरचा रंग तडकतो. दुसऱ्या थराला तीन भाग टर्पेंटाइन, एक भाग जवसाचं तेल. शेवटच्याला निम्मं-निम्मं. तेल थरागणिक वाढत जायला हवं. उलट केलं तर भेगा पडतात.

भिंतीसाठी टायटेनियम व्हाइटमध्ये रॉ अंबर आणि अल्ट्रामरीनचा (गडद निळ्याचा) किंचित अंश. पॅलेटवर तीन छटा आधीच कालवून ठेवा. उजळ छटेत नखभर यलो ऑकर. ब्रश ओढू नका, टिपत जा.

पिवळ्या चोळीला मूळ रंग शिसं आणि कथलाचा, तो विषारी. कॅडमियम लेमन, पांढरा आणि थोडा ऑकर यांवर काम भागतं. सावलीसाठी काळा घातलात की पिवळा हिरवट होतो. अंबर किंवा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) वापरा. हात एका रंगात उरकू नका: मनगटाकडे तांबूस, बाही वर सारलीय तिथे फिकट. निळ्या एप्रनखाली अल्ट्रामरीन-पांढऱ्याचा थर. तो पुरता वाळल्यावरच वर शुद्ध अल्ट्रामरीनची पातळ झिलई, म्हणजे खालचा रंग दिसू देणारा थर. घाई केली तर खालचा रंग ब्रशबरोबर उचलला जातो. मुंबईच्या पावसाळ्यात तर अंदाज धरूच नका. अंगठा दाबून बघा. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा.

टेबलावरच्या पावावरचे उजेडाचे ठिपके दाट रंगाचे, ब्रशच्या टोकाने, मोजकेच. नवशिके इथे साबुदाणा सांडतात.

राहिली एक रेघ. उजवीकडे, आकृतीच्या सावलीतल्या कडेने व्हर्मीरनं बारीक पांढरी रेघ ओढलीय. ती एका दमात ओढा आणि ओली असतानाच कोरड्या ब्रशने भिंतीच्या बाजूला हलकेच मिसळवा. बाईच्या बाजूला ब्रश गेला तर कड मळते. मग रेघ पुसून, ती जागा वाळू देऊन पुन्हा ओढावी लागते.