तुमच्या गावची शाळा नक्की किती जुनी? आधी जनरल रजिस्टर उघडा

नमस्कार मंडळी. साताऱ्यावरच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आज फक्त त्यावरच बोलते. "ताई, आमच्या मराठी शाळेचा शतक महोत्सव करायचाय, पण शाळा सुरू कधी झाली तेच कुणाला सांगता येत नाही." आणि विचारायची वेळही बरोबर आहे. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात सगळा महाराष्ट्र शाळांच्या दप्तरात शिरलाय. वर्षानुवर्षं कुलूप न निघालेली कपाटं उघडली गेली. जुनी जनरल रजिस्टरं, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेल्या वह्या, आत्ता टेबलावर आहेत, परत माळ्यावर जायच्या आत बघून घ्या.

आधीचा इतिहास पटकन सांगते, तो कुठेही वाचायला मिळेल. पूर्वी पंतोजींच्या शाळा, धूळपाटीवर अक्षरं गिरवायची. 1855 साली मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खातं आलं. मग शेतसाऱ्यावर रुपयाला एक आणा लोकल फंड बसला आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांना. 1884 नंतर शाळा लोकल बोर्डांकडे आणि नगरपालिकांकडे, 1923 च्या कायद्याने स्कूल बोर्डं, 1947 ला नवा प्राथमिक शिक्षण कायदा आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषद. झालं. यातलं 1962 तेवढं लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

आता मुद्दा. शाळेच्या दारावरच्या दगडात जे साल कोरलेलं असतं ते इमारतीचं असतं. शाळेचं नसतं. हे मी तीन व्हिडिओंत सांगितलं, तरी रोज दगडाचे फोटो येतात, "ताई, बघा, 1927!" अहो, 1927 ला भिंती उभ्या राहिल्या. पोरं त्याच्या आधी कुठे बसत होती? मारुतीच्या देवळात, धर्मशाळेत, चावडीत, कुणाच्या तरी वाड्याच्या सोप्यात. इमारत मिळायच्या आधी अशी दहा-वीस वर्षं काढलेल्या शाळा कितीतरी आहेत.

माझ्याच शाळेचं सांगते. आमच्या तालुक्याच्या गावातली एक नंबरची शाळा. दगडावर 1936. आम्ही लहानपणी त्या दगडाला टेकून डबा खायचो, त्यामुळे 1936 हा आकडा माझ्या पाठीला पाठ होता म्हणा ना. चार वर्षांपूर्वी हेडमास्तरांनी कपाट उघडून दिलं, तर हाताला लागलेल्या सगळ्यात जुन्या रजिस्टरातली पहिलीच तारीख 1889 ची. सत्तेचाळीस वर्षं दगडाने गिळली होती. आणि तेही पहिलं रजिस्टर नव्हतं. कसं कळलं, ते ऐका, कारण खरी गोम तिथेच आहे.

जनरल रजिस्टरात डावीकडे पहिला रकाना अनुक्रमांकाचा. मूल दाखल झालं की त्याला एक नंबर, आणि तो नंबर वर्ष बदललं, वही बदलली तरी पुढे चालत राहतो. माझ्या हातातल्या वहीत पहिल्या पानावर पहिला नंबर होता 642. मग 1 ते 641 कुठेत? आधीच्या वहीत. ती वही आज नाही, पण ती होती, हे नंबरच सांगतो. म्हणून वही उघडल्यावर तारखेआधी नंबर बघा. 1 पासून सुरुवात असेल तर तुम्ही शाळेच्या उगमापाशी आहात, नसेल तर अजून वर जायचंय.

याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण साताऱ्यातच आहे. 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एक मुलगा दाखल झाला. रजिस्टरात नाव भिवा रामजी आंबेडकर, नंबर 1914. बाबासाहेबांचा तो शाळाप्रवेशाचा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मागच्या वेळी याच्याखाली किमान तीसेक कमेंट होत्या, "ताई चुकलात, 1914 ला तर ते परदेशात होते." मंडळी, 1914 हे साल नाही! तो अनुक्रमांक आहे. त्या रजिस्टरात त्यांच्या आधी 1913 नोंदी झाल्या होत्या, एवढाच त्याचा अर्थ. त्या कमेंटवाल्यांवर माझा राग नाही. पण आपण जुना कागद बघताना कुठलाही चार आकडी नंबर दिसला की त्याचं साल करून टाकतो. दगडावरचं साल शाळेचं समजायचं आणि रजिस्टरातला नंबर सालाचा समजायचा, दोन्ही एकाच घाईतून होतं.

मी "1913 नोंदी" म्हणाले, "1913 मुलं" नाही म्हणाले. का, ते माझ्या आजीवरून सांगते.

आजी आयुष्यभर म्हणायची, "मला कुठे शाळेत घातलं, दादाला घातलं." आम्ही ते खरंच धरून चाललो होतो. मुलींच्या शाळेचं रजिस्टर चाळताना तिचं माहेरचं नाव सापडलं. दाखल 1931, इयत्ता पहिली. तीन महिन्यांनी "सतत गैरहजर, नाव कमी". मी वही मिटणार होते, पण सवयीने पुढची पानं उलटली, आणि दीड वर्षाने परत तीच. तेच नाव, तोच बाप, नवा नंबर. या वेळी पाच महिने. शाळा सोडल्याचं कारण: "घरकाम". म्हणजे कुणीतरी तिला दोनदा शाळेपर्यंत नेलं होतं. कोणी, ते विचारायला आजी राहिली नव्हती. त्या रकान्यातलं ते "घरकाम" बघत मी बराच वेळ बसले, शिपाईकाका कुलूप लावायला आले तेव्हा उठले.

तर एकाच मुलाला दोन-तीन नंबर असू शकतात. शेवटचा नंबर घेऊन "आमच्या शाळेने इतके हजार विद्यार्थी घडवले" असं स्मरणिकेत छापू नका.

जन्मतारखेच्या रकान्याबद्दलही सांगून टाकते, कारण विचारणारे खूप आहेत. आजोबांची 1 जून, चुलत आजोबांची 1 जून, शेजारच्या तात्यांचीही 1 जून. सगळे एका दिवशी जन्मले नव्हते. घरी तारखेचा पत्ता नसायचा, मास्तर पोराचा अंदाज घेऊन साल धरायचे आणि जूनची एक तारीख टाकायचे. शाळा किती जुनी ते काढायला मात्र दाखल तारखेचा रकाना भरवशाचा. ती मास्तरांसमोर घडलेली गोष्ट आहे.

आता 1962. जिल्हा परिषदेच्या किती शाळांच्या पाटीवर "स्थापना 1962" लिहिलंय, मोजा एकदा. त्या वर्षी जिल्हा परिषदा आल्या आणि आधीच्या बोर्डाच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. पाटी रंगवणाऱ्याने मालक बदलल्याचं साल शाळेच्या जन्माचं करून टाकलं. हीसुद्धा दगडाचीच गोष्ट. घराचा उतारा नव्या नावावर झाला म्हणून घर त्या दिवशी बांधलं, असं आपण म्हणतो का?

आमच्या सातारा जिल्ह्यात तर याला आणखी एक पदर आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहं सगळ्यांना माहीत असतात, पण रयतने खेडोपाडी पाचशेहून जास्त व्हॉलंटरी शाळा चालवल्या, जिथे सरकारी शाळा पोचलीच नव्हती तिथे. पुढे त्या बोर्डाकडे सोपवल्या गेल्या आणि तिथून जिल्हा परिषदेकडे. तुमच्या डोंगरातल्या वाडीची शाळा 1962 ची असेल असं वाटत असेल, तर म्हाताऱ्या माणसांना एवढंच विचारा, "रयतची शाळा होती का हो?"

आणि गावात एकच शाळा होती असं धरू नका. अस्पृश्य मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि 1919 ला या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सगळ्यांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढला. इंग्रजी मुलखात ते सावकाश झालं. अशी शाळा मोठ्या शाळेत विलीन झाली की तिचं रजिस्टरही त्याच कपाटात येतं. पातळ वही असते, पुठ्ठा वेगळा असतो. शतक महोत्सवाच्या गडबडीत ती बाजूला पडते. ती आधी उघडा. जोतीराव फुल्यांनी 1882 ला हंटर आयोगापुढे, म्हणजे सरकारच्या शिक्षण चौकशी आयोगापुढे, मांडलं होतं, की कराचा पैसा कष्टकऱ्यांचा आणि शिक्षण वरच्यांना, निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा. त्यांचं मूळ गाव कटगुण, आमच्याच खटाव तालुक्यातलं. तो लोकल फंड भरणारी माणसं कोण आणि रजिस्टरात नावं कुणाची, हे शेजारी ठेवून बघा.

एका गोष्टीचा मला अजून त्रास होतो. एका शाळेत, नाव घेत नाही, मी पोचायच्या आदल्या महिन्यात "जुनी मोडीतली चोपडी" रद्दीत गेली होती. किलोवर. जनरल रजिस्टर कायम जपायचं दप्तर आहे, ते टाकता येत नाही. मोडी वाचता येत नसेल तर वाचणारा शोधा, नाहीतर फडक्यात बांधून ठेवा.

कसं मागायचं तेवढं सांगते. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या, कशासाठी हवंय ते लिहा, आणि त्यांच्यासमोर बसून बघा. वही घरी मागू नका. स्वतःच्या माणसाची नोंद हवी असेल तर निर्गम उतारा, म्हणजे रजिस्टरातल्या त्या नोंदीची नक्कल, मागा. दुसऱ्यांच्या पानांचे फोटो ग्रुपवर टाकू नका, त्यात लोकांच्या जाती आणि घरच्या गोष्टी आहेत. शेरेबुक असेल तर तेही मागा, डेप्युटी साहेब, म्हणजे शिक्षण खात्याचे तपासणी अधिकारी, तपासणीला येऊन काय म्हणाले ते त्यात असतं. आणि 1885 चं सातारा गॅझेटियर इंटरनेटवर फुकट आहे, त्यातलं शिक्षणाचं प्रकरण आधी वाचून जा.

पहिल्या वहीतला पहिला नंबर काय निघाला, तेवढं खाली लिहा. पुढच्या भागात मोडीतले आकडे, एक ते शंभर. पाटी-पेन्सिल घेऊन बसा.