सड्यावर काहीच नाही, असं कोण म्हणतंय?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय "दृष्टिकोन आणि विश्लेषण". नाव जड आहे, पण मी सगळं आपल्या सड्यावर उभा राहूनच बोलणार आहे, कारण रत्नागिरी-राजापूरच्या माणसाला सडा काय ते सांगावं लागत नाही. डोंगरमाथ्यावरचा जांभ्याचा, म्हणजे लाल दगडाचा, उघडा सपाट कातळ, मेच्या दुपारी चप्पल काढायची सोय नाही, लांबवर एखादं करवंदीचं जाळं. बाहेरून आलेला माणूस गाडीतून बघतो आणि म्हणतो, इथे तर काहीच नाही. हे "काहीच नाही" कुठून येतं, ते मला आज तुमच्यासोबत शोधायचंय.

सातबारा काढा, सड्याचा बराच भाग पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, म्हणून लागलेला दिसेल. आता यात खोटं काय आहे? काहीच नाही. महसूल खात्याचा प्रश्न इंग्रजांच्या काळापासून एकच, या जमिनीत पीक येतं का आणि आलं तर सारा किती बसवायचा, आणि कातळावर भात होत नाही हे आपल्या आजोबांनाही माहीत होतं. गडबड पुढे होते. सारा बसवण्यासाठी दिलेलं उत्तर कागदावरनं कागदावर जात राहतं, मग पडीक जमिनीच्या नकाशात जातं, मग प्रकल्पाच्या फायलीत जातं, आणि तिथे पोचेपर्यंत मूळ प्रश्न गळून पडलेला असतो, नुसतं उत्तर उरतं, की जमीन खराब.

त्याच सड्यावर आता वेगवेगळी माणसं उभी करून बघा. चिरेखाणवाला बघतो की घर बांधायचा चिरा पक्का निघेल का आणि ट्रक वर येईल का. बागायतदार बघतो की सुरुंग लावून खड्डे पाडले, माती आणून भरली तर हापूसची कलमं धरतील का, आणि अशी कलमं धरलेली आपण सगळ्यांनी बघितलीयत, तो काही उगाच स्वप्नं बघत नाही. गुरं राखणाऱ्याला दिवाळीनंतरचं गवत दिसतं. आणि खालच्या वाडीतली बाई सड्याकडे बघतच नाही, ती विहिरीकडे बघते, पण खरं तर तीच सड्याला सगळ्यात जास्त ओळखते. कारण जांभा स्पंजसारखा सच्छिद्र, वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो त्यातला काही भाग भेगांतून आत उतरतो, खाली शेडीचा, म्हणजे चिकणमातीचा, थर लागला की अडतो आणि आडवा सरकत सरकत उताराला झरा होऊन बाहेर येतो. वाडीची विहीर, पऱ्या म्हणजे ओहोळ, पाटाचं पाणी, हे सगळं त्याच्या जिवावर. विहीर मार्चात आटली की एप्रिलाच्या शेवटी आटली हे तिला बरोबर सांगता येतं, पण ती माहिती कुठल्याच तक्त्यात नसते कारण तिला कोणी विचारलेलंच नसतं.

तुम्ही म्हणाल ही झाली माणसांची मतं, मशीन तर निष्पक्ष असतं ना, सॅटेलाइटचा फोटो घ्या. घेऊया. साधा कॅमेऱ्याचा उपग्रह ढगातून आरपार बघू शकत नाही, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ उघडतं किती? त्यामुळे जमिनीच्या वापराचे नकाशे करायला जे स्वच्छ फोटो मिळतात ते बहुतेक दिवाळीनंतरचे, मेपर्यंतचे. म्हणजे सडा जेव्हा सुकलेला असतो तेव्हाचे! रडारवाले उपग्रह ढगातून बघतात, पण त्यांना फुलाचा रंग दिसत नाही. यात कोणाचा वाईट हेतू नाही, आणि तरीसुद्धा सड्याचं अख्खं जगणं फोटोतून निसटलं.

कारण सडा जगतो तो पावसात. पहिल्या सरी पडल्या की जूनमध्ये दीपकाडी वर येते, पांढरीशुभ्र फुलं, वर्षभर नुसता कंद होऊन त्या चिमूटभर मातीत दडून बसलेली असते. जगात दुसरीकडे शोधायला गेलात तर मिळणार नाही, आपल्या कोकणपट्टीतच. ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं आणि गेंद ही फुलं, जांभळं-पांढरं पसरतं सगळीकडे. ही सीतेची आसवं तुम्ही एकदा गुडघे टेकून, नाक जमिनीला लागेल इतकं वाकून बघाच. फूल नखाएवढं, आणि खाली ओल्या मातीत बारीक बारीक पिशव्या, टाचणीच्या टोकाएवढ्या, पाण्यातला सूक्ष्म जीव जवळ आला की त्या त्याला आत ओढून घेतात. कातळावरच्या मातीत नायट्रोजन जेमतेम, म्हणून ही वनस्पती बारीक जीव खाऊन तो भरून काढते. ज्या जमिनीला आपण नापीक म्हणून खोडून टाकलं, तिच्या नापीकपणामुळेच हे सगळं इथे आहे. मला हे दर वर्षी नव्याने थक्क करतं, खरंच सांगतो.

कातळशिल्पांचं, म्हणजे सड्यावर कोरलेल्या जुन्या चित्रांचंही तसंच. कशेळी गावातला हत्ती साधारण १८ मीटर बाय १३ मीटर, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. तुम्ही त्याच्यावर उभे असाल तर पायाखाली एक खाच दिसते, बस. पूर्ण हत्ती दिसायला उंचावर जावं लागतं नाहीतर ड्रोन लागतो, आणि ऊनसुद्धा तिरपं लागतं, सकाळचं किंवा संध्याकाळचं, म्हणजे रेषेच्या कडेला सावली पडते. भर दुपारी गेलात तर रेषा उन्हातच विरते. २०२२ मध्ये आपली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, कशेळी, उक्षी, जांभरुण, बारसू, देवाचे गोठणे अशा आठ जागा आपल्या महाराष्ट्रातल्या आणि एक गोव्यातली फणसामळ. गुरं चारणाऱ्या पोरांना त्यातली कित्येक चित्रं आधीपासून ठाऊक होती. ती किती जुनी आणि कशासाठी, हा प्रश्न मात्र त्या पोरांचा नव्हता, तो घेऊन अभ्यासक आले, आणि दोघं एकत्र फिरले तेव्हा काम पुढे गेलं.

आता कोणी म्हणेल मग सगळ्यांचंच बरोबर, ज्याचं त्याचं सत्य. नाही, हे मला अजिबात मान्य नाही. पाणी कुठल्या बाजूला उतरतं हे कोणाच्या मतावर ठरत नाही. चिरेखाणवाल्याला चिऱ्यातलं कळतं, पण विहिरीवर परिणाम होणार नाही हे तो ठरवू शकत नाही, त्याने ते मोजलेलंच नाही. आणि हेच मी फुलांच्या अभ्यासकालाही म्हणेन, गवताच्या भाऱ्यावर ज्याचं घर चालतं त्याला न विचारता चराई बंद करा म्हणू नका.

एक उदाहरण देतो, कामाचं आहे. प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल करताना बऱ्याच वेळा पावसाळा सोडून एका ऋतूची पाहणी चालते. हवेतली धूळ मोजायची असेल तर हे अगदी शहाणपणाचं आहे, पावसात धूळ धुवून जाते, आकडा खोटा कमी येतो. पण तीच टीम त्याच महिन्यात सड्यावरच्या वनस्पतींची यादी करते, आणि फेब्रुवारीत सड्यावर काय मिळणार, वाळकं गवत! मग अहवालात येतं, दुर्मिळ प्रजाती आढळली नाही. वाक्य खरं आहे, आढळली नाहीच.

तेव्हा जनसुनावणीला गेलात तर आधी निष्कर्ष वाचू नका, पाहणीच्या तारखा वाचा, कोणत्या महिन्यात आले, कुठल्या वाडीत गेले, कोणत्या विहिरी मोजल्या. जून ते सप्टेंबर त्यात नसेल तर पावसाळ्यातली पाहणी लेखी मागा, लेखी दिलेलं नोंदीत राहतं. आणि आपल्या विहिरीची वही आजपासून सुरू करा, दर पंधरा दिवसांनी दोरी सोडायची, टोक पाण्याला लागलं की काठाशी गाठ मारायची, लांबी आणि तारीख लिहायची. वर्षभराची अशी वही घेऊन वाडीतल्या चार बाया पुढे आल्या, तर विहिरींबद्दल त्यांना विचारल्याशिवाय पुढे जाणं अवघड होईल.