अंधारातली ओळख

नमस्कार श्रोतेहो. आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचा जंतू राहतो. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, त्याला पचते. पण लॅक्टोज नसेल तेव्हा ती पचवणारी प्रथिनं तो जवळपास बनवतच नाही. त्याला अडवतं कोण?

गोष्ट पॅरिसची, जुलै १९५८ ची. पाश्चर इन्स्टिट्यूटमधले फ्रान्स्वा जाकोब. या माणसाला खरं तर सर्जन व्हायचं होतं. १९४४ साली नॉर्मंडीत ते बाँबहल्ल्यात जबर जखमी झाले आणि ते स्वप्न तिथंच संपलं. तर त्या दुपारी न्यूयॉर्कच्या व्याख्यानाची तयारी करायची होती, आणि काही केल्या जमेना. शेवटी पत्नी लीझबरोबर ते सिनेमाला गेले. पडद्याकडे लक्ष नव्हतंच. आणि त्या अंधारात एकदम लख्ख दिसलं! ते अभ्यासत होते तो जंतूच्या पोटात निजलेला विषाणू आणि ही लॅक्टोजची भानगड, दोन्हींचं कुलूप एकच. अडवणारं काहीतरी थेट डीएनएवरच जाऊन बसतंय! सहकारी झाक मोनो सुट्टीवर होते. सप्टेंबरात परतले, तेव्हा त्यांना हे आधी पटेना. पुढं १९६५ साली दोघांना, ल्वॉफ यांच्यासह, नोबेल मिळालं. आपल्याकडे पोराची दुपार रिकामी दिसली की लगेच क्लास लावतात. मला ते फार खुपतं. दुपार रिकामी राहू द्या हो.

तर हे अडवणारं प्रथिन, रिप्रेसर, १९६६ साली हार्वर्डमध्ये गिल्बर्ट आणि म्युलर-हिल यांनी हाती धरलं. एका पेशीत जेमतेम दहाएक. डीएनएची अक्षरं सेहेचाळीस लाख. त्यातली एकवीस अक्षरांची जागा त्यानं शोधायची! डीएनएच्या दोन धाग्यांचा पीळ न उकलता. पुन्हा सांगतो, पीळ न उकलता. दिवे गेले तरी मिसळणाच्या डब्यातली मोहरी बोटांना कळते ना, तसं. पिळाच्या बाहेरून मोठी खाच जाते, तिच्यात अक्षरांच्या कडा उघड्या असतात. प्रथिनाची मळसूत्री कांडी त्या खाचेत बसते, कडा चाचपते. जुळल्या, तर हायड्रोजन बंध जुळतात आणि पकड घट्ट होते. नाही जुळल्या, तर पुढं सरकते.

‘चिमा काय कामाची’ उलटंही तेच वाचता येतं. ही जागाही जवळपास तशीच, फक्त उलट वाचताना समोरचा धागा धरायचा. म्हणून प्रथिनाचे दोन सारखे हात, दोन्ही बाजूंनी.

मग पेशीत लॅक्टोज शिरतं, त्याचं थोडं रूप बदलतं, ते प्रथिनाला चिकटतं. हातांची ठेवण हलते. खाचेतली पकड सुटते.