घोडीच्या रक्तातला आकडा कुणाचा?

मंडळी, परिचयात माझा उल्लेख 'अश्वतज्ज्ञ' असा झाला. तेव्हा सुरुवातीलाच मी केलेली एक घोडचूक सांगून टाकतो. शब्द विचार करूनच वापरतोय. फलकावरचा विषय, 'कोणती संप्रेरक चाचणी कधी', त्याच्याकडे येतोच आहे.

नोकरीतलं माझं दुसरं वर्ष. एक कुमैत घोडी, फळवून नव्वद दिवस झालेले. मालकाने रक्ताचा रिपोर्ट पुढे केला. ईसीजी पॉझिटिव्ह. (पहिल्या रांगेत दोघांचा हात छातीकडे गेला. हृदयाचा नव्हे हो! इक्वाइन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन, गाभण घोडीच्या रक्तातलं संप्रेरक.) मालक म्हणाले, "डॉक्टर, एकदा हात घालून बघता का?" मी म्हटलं, "रिपोर्ट आहे ना, कशाला तिला त्रास?" खरं सांगायचं तर अंधारत आलं होतं, आणि दोनच दिवसांपूर्वी तिने मोतद्दाराला लाथ घातली होती.

पुढे पोट दिसेना. मी म्हटलं, पहिलटकरीण आहे, उशिरा दिसतं. अकरावा महिना लागला. मालक रात्री तबेल्यातच झोपू लागले, दर दोन तासांनी बॅटरी मारून कासेला मेण धरलंय का (विणं जवळ आल्याची खूण) बघायचे. मेण धरेना. शेवटी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला. गर्भाशय रिकामं. साधं सुजलेलंसुद्धा नाही. मालक रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे प्लॅस्टिकच्या पिशवीतून तो रिपोर्ट काढला, आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मग हे कुणाचं होतं?"

चाळीस वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर देत फिरतोय. कोल आणि हार्ट यांनी हे संप्रेरक १९३० साली शोधलं. ते स्रवतं गर्भाशयाच्या अस्तरातल्या वाट्यांसारख्या गाठींमधून, एंडोमेट्रियल कप्समधून. त्या आईच्याच पेशी असाव्यात असा समज होता. १९७२ साली अ‍ॅलन आणि मूर यांनी दाखवलं की त्या गर्भाकडून आलेल्या. साधारण ३६व्या दिवसाच्या सुमारास गर्भावरणाच्या पेशी आईच्या अस्तरात घुसतात आणि तिथेच बिऱ्हाड थाटतात. संप्रेरक साठ-सत्तराव्या दिवशी कळस गाठतं, मग उतरत १२०-१५० दिवसांत संपतं. आता गंमत, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती: बिऱ्हाड थाटल्यावर गर्भ मेला तरी या पेशी हलत नाहीत. घरमालक गेला, भाडेकरू दिवा लावून बसलेत. माझी घोडी बहुधा पन्नासाव्या दिवसाच्या आसपास गाभडली होती. रिपोर्ट खोटा नव्हता. तो त्या पेशींबद्दल बोलत होता आणि मी तो शिंगराबद्दल वाचला. वर नुकसान असं, की त्या पेशी जिवंत असेपर्यंत घोडी नीट माजावर येत नाही. घोडीचा मोसम मोठ्या दिवसांचा. वेळेत कळलं असतं तरी तो हंगाम गेलाच होता. पण मालकांची झोप तरी वाचली असती.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे'. अध्यक्षसाहेब, अक्षर सुंदर आहे.

तर भराभर. प्रोजेस्टेरॉन. ते पीतपिंडातून येतं, म्हणजे बीजांड सुटल्यावर अंडाशयात त्या जागी तयार होणाऱ्या गोळ्यातून. एक नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या वर असेल तर पीतपिंड काम करतोय, चारच्या वर असेल तर सुरुवातीच्या गाभणकाळात निश्चिंत राहा. पण गाभण आहे असं ते सांगत नाही. घोडी रिकामी असताना पीतपिंड दोन-दोन महिने चिवटपणे टिकतो. बीजांड सुटणार कधी, हेही ते सांगत नाही. कुत्रीत ते आधी चढतं, घोडीत सुटल्यानंतर. आणि सातव्या-आठव्या महिन्यात आकडा कमी दिसला म्हणून घाबरून इंजेक्शनं टोचू नका. तोवर काम वारेतून येणाऱ्या प्रोजेस्टेरॉनच्या चुलत भावंडांनी हाती घेतलेलं असतं, आणि ती भावंडं मोजणीत किती धरली जातात हे किटनुसार बदलतं.

शिंगरू जिवंत आहे का? मग इस्ट्रोन सल्फेट (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार), शंभर दिवसांनंतर. कच्चा माल गर्भाच्या जननग्रंथी पुरवतात, पक्का माल वार करते; गर्भ गेला की आकडा कोसळतो. सात-आठ महिन्यांच्या गर्भाच्या या ग्रंथी आईच्या अंडाशयांपेक्षा मोठ्या असतात, कापून पाहिलं तर विश्वास बसत नाही. जाता जाता: इस्ट्रोजेन हे 'मादीचं' संप्रेरक म्हणणाऱ्यांसाठी, झोंडेक या शास्त्रज्ञाला १९३४ साली ते नर घोड्याच्या मूत्रात भरपूर सापडलं होतं.

घोडी घोड्यासारखी खिंकाळते, दुसऱ्या घोड्यांवर चढते, एक अंडाशय फुगलेलं आणि दुसरं आक्रसलेलं? अंडाशयातल्या ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ असू शकते. इथे एएमएच (अँटी-म्युलेरियन हॉर्मोन, या पेशींतून आणि वृषणातूनही येणारं) बघा, एकट्या टेस्टोस्टेरॉनवर विसंबू नका. खच्ची केलेला घोडा खरंच खच्ची आहे की एक वृषण पोटात दडलंय, त्यालाही एएमएच चालतं. तिथे इस्ट्रोन सल्फेट वापरायचं तर तीन वर्षांखालच्या घोड्यात आणि गाढवात नको.

खेचराचं राहिलंच. एक मिनिट, अध्यक्षसाहेब. घोडीच्या पोटात गाढवाचं बीज असेल तर ईसीजी फार कमी तयार होतं आणि लवकर संपतं. घोडी चांगली गाभण असते आणि रिपोर्ट 'नाही' म्हणतो. माझ्या घोडचुकीची बरोबर उलटी चूक. ती मी अजून केलेली नाही.